स्लाइडवरचा जिवंत आलेख : तांब्याच्या पत्र्यापासून ‘अपडेट’च्या बटणापर्यंत



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. स्प्रेडशीटमधला चार्ट स्लाइडमध्ये आपोआप कसा आणायचा हे तुम्ही काय सांगणार? ते तर आमच्या ऑफिसातला नवा मुलगा दोन मिनिटांत करून दाखवतो. अगदी खरं आहे. कसं करायचं ते त्याच्याकडूनच शिकावं. आम्ही आज वेगळं सांगणार आहोत : असं काही करावं हे माणसाला का वाटलं, कोणत्या पायऱ्यांनी ते साधलं, आणि साधता साधता हातातून काय निसटलं.

या विषयाकडे आम्ही पुस्तकातून आलो नाही, एका सहीतून आलो. निवृत्तीनंतर एका शिक्षणसंस्थेनं आम्हाला एका समितीवर बोलावलं होतं. प्रश्न असा होता की पदवीच्या शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान हा विषय चालू ठेवायचा की बंद करायचा. जूनच्या सभेत प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवल्या गेल्या. सातव्या स्लाइडवर पाच वर्षांच्या विद्यार्थिसंख्येचा आलेख होता, आणि त्याची रेषा खाली उतरत होती. चर्चा झाली. विषय बंद करावा अशी शिफारस झाली. इतिवृत्तात लिहिलं गेलं : ‘सातव्या स्लाइडवरील आकडेवारी पाहता’. आम्ही सही केली.

डिसेंबरमध्ये तिथल्या एका कंत्राटी शिक्षकानं या निर्णयाविरुद्ध अर्ज केला. पुन्हा सभा, पुन्हा तीच फाइल. कारकुनानं ती उघडली. ‘लिंक अपडेट करायच्या का?’ असा प्रश्न पडद्यावर आला, त्यानं सवयीनं ‘हो’ म्हटलं. सातवी स्लाइड आली, आणि तिच्यावरची रेषा उतरतच नव्हती. शेवटच्या दोन वर्षांत ती थोडी वरच गेली होती. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहून विचारलं, “हा आलेख बघून तुम्ही विषय बंद केलात?”

कुणी खोटेपणा केला नव्हता. मधल्या काळात कार्यालयानं मूळ तक्ता दुरुस्त केला होता. दुसऱ्या विद्याशाखेतून हा विषय घेणारी मुलं आधी मोजायची राहिली होती. दुरुस्ती योग्यच होती. पण आम्ही जूनमध्ये जे पाहिलं ते आता कुठेच नव्हतं. इतिवृत्त ज्या स्लाइडकडे बोट दाखवत होतं, ती स्लाइड दुसरंच बोलत होती. आणि त्या शिक्षकाची नोकरी तोवर गेलेली होती.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. त्याचा इतिहास आता बघू.

सुरुवात १७८६ पासून करावी लागते. त्या वर्षी लंडनमध्ये विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थांचा व्यापारी आणि राजकीय ‘ॲटलास’ प्रसिद्ध झाला. हे प्लेफेअर तरुणपणी वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉट यांच्याकडे आरेखनाचं काम करत. या ग्रंथात ४४ आलेख होते. बहुतेकांत इंग्लंडची आयात-निर्यात वर्षानुवर्षं कशी बदलली, ते रेषांनी दाखवलेलं होतं. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्यांना एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा कशी काढणार? मग त्यांनी एकेका देशापुढे आडवे पट्टे काढले. आज शाळेतली मुलं ज्याला स्तंभालेख म्हणतात, त्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांतला हा एक. म्हणजे आकडे अपुरे होते म्हणून आलेखाचा हा प्रकार सुचला. पुढे १८०१ मध्ये वर्तुळाचे भाग पाडून दाखवलेला आलेखही त्यांनीच छापला.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की हे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. एकदा कोरलं की कोरलं. पुढच्या वर्षीचे आकडे आले तर पुन्हा कारागीर, पुन्हा पत्रा, पुन्हा छपाई. आलेख महाग होता, मंद होता, आणि मुका नव्हता : ग्रंथाच्या मुखपृष्ठावर साल होतं. १७८६ चं पुस्तक उघडलं की १७८६ मध्ये काय म्हटलं होतं ते आजही तसंच्या तसं दिसतं.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षं हीच स्थिती राहिली. साधनं बदलली, पण आकडे एका कागदावर आणि आलेख दुसऱ्या कागदावर. मधे माणूस. तो आकडा वाचणार, मोजपट्टी लावणार, बिंदू टाकणार. आम्ही शिकवायला लागलो तेव्हा आमच्या महाविद्यालयात संख्याशास्त्राचे सर आलेखकागदावर टोकदार पेन्सिलीनं बिंदू मांडायला लावत. एखादा बिंदू भलतीकडे पडला की विद्यार्थी थबके आणि आकडा पुन्हा तपासे. हे थबकणं लक्षात ठेवा. त्याचं काम पुढे आहे.

आता १९७८ मध्ये येऊ. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनला वाटलं, हा फळा स्वतःच उरलेली बेरीज करून घेणारा असता तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राला घेऊन त्यानं १९७९ मध्ये ॲपल-टू या संगणकासाठी व्हिसिकॅल्क आणलं. घरगुती संगणकावर चाललेली ही पहिली स्प्रेडशीट. खडू-डस्टर हातात घेऊन ज्यांनी आयुष्य काढलं त्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार जवळची वाटते. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात : आजच्या विषयाचं बीज इथे पडलं.

पण आलेख अजून बाहेरच होता. मिच केपर यांनी १९८१ मध्ये व्हिसिप्लॉट केलं. व्हिसिकॅल्कमधले आकडे फाइलमध्ये साठवायचे आणि या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून आलेख काढायचा. हा फेरा नकोसा आहे, हे केपरना स्वतःलाच पटलेलं असावं; कारण १९८३ च्या जानेवारीत त्यांच्या कंपनीनं लोटस वन-टू-थ्री बाजारात आणलं, त्यात तक्ता आणि आलेख एकाच घरात नांदत होते. आकडा बदला, एक कळ दाबा, आलेख नव्यानं काढलेला. मात्र तो छापायचा असेल तर पुन्हा वेगळा प्रोग्रॅम लागे. घर एक, पण बाहेर पडायचा दरवाजा निराळा.

इकडे सभेत दाखवायचं साधन अजून ओव्हरहेड प्रोजेक्टरच होतं. पारदर्शक कागद, त्यावर रंगीत पेन, आणि बोट लागून पुसलं गेलेलं एखादं अक्षर. हे कागद संगणकावर तयार करता यावेत म्हणून रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी पॉवरपॉइंट केलं. १९८७ च्या एप्रिलमध्ये ते मॅकिंतॉशसाठी निघालं, काळ्या-पांढऱ्यात; आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं त्यांची फोरथॉट ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. मायक्रोसॉफ्टकडे एक्सेल १९८५ पासून होतंच.

आता चित्र कसं झालं बघा. आकडे एक्सेलमध्ये, सांगणं पॉवरपॉइंटमध्ये. दोघांच्या मधे कॉपी आणि पेस्ट. सभेच्या आदल्या रात्री आकडा बदलला की पुन्हा कॉपी, पुन्हा पेस्ट, आणि एखाद्या स्लाइडवर जुना आलेख तसाच राहायचा. ज्यांनी नोकरीत वार्षिक अहवाल केले आहेत, त्यांना ही रात्र ओळखीची असेल.

यावरचा उपाय जवळजवळ लगेच शोधायला सुरुवात झाली. १९८७ च्या विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी आकड्यांची देवाणघेवाण करायची सोय आली. तिचे तीन प्रकार होते आणि त्यांची नावं मोठी गमतीची : हॉट, वॉर्म आणि कोल्ड. गरम दुव्यात मूळ आकडा बदलला की नवा आकडा लगेच पाठवला जायचा. थंड दुव्यात एकदाच मागितला, एकदाच मिळाला, विषय संपला. आणि कोमट दुव्यात फक्त निरोप यायचा : बदल झाला आहे, हवा असेल तेव्हा घ्या. हा कोमट दुवा आम्हाला तिघांत शहाणा वाटतो. का, ते पुढे सांगतो.

ॲपलनं १९९१ मध्ये सिस्टिम सेव्हनमध्ये दुसरा मार्ग घेतला. एका दस्तऐवजानं आपला भाग ‘प्रकाशित’ करायचा, दुसऱ्यानं त्याचं ‘वर्गणीदार’ व्हायचं. मधल्या फाइलला त्यांनी नाव दिलं होतं ‘आवृत्ती’. छापखान्यातला शब्द! आणि मायक्रोसॉफ्टनं याच सुमारास ओएलई आणलं, १९९२ च्या विंडोज ३.१ बरोबर ते घरोघरी पोचलं. त्याच्या नावातच दोन क्रिया आहेत : जोडणं आणि आत बसवणं.

हा फरक आजही रोज उपयोगी पडतो, म्हणून जरा नीट बघू. आत बसवलेला आलेख आपल्याबरोबर आपली आकड्यांची पूर्ण वही घेऊन येतो. तो कुठेही न्या, मोडत नाही. पण वहीतली जी पानं तुम्हाला दाखवायची नव्हती, उदाहरणार्थ पगाराचा तक्ता, तीही त्याच्याबरोबर जातात. जोडलेला आलेख उलट. त्याच्याकडे आकड्यांच्या घराचा फक्त पत्ता असतो : अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. फाइल हलवली, पेन ड्राइव्हवरून स्लाइड दुसऱ्या गावी नेल्या, की पत्ता चुकतो. तरी आलेख दिसत राहतो बरं का! शेवटच्या वेळी जसा होता तसा. बघणाऱ्याला तो जिवंत आहे की नुसता फोटो आहे, हे कळायला मार्ग नसतो.

पत्त्याची ही अडचण सुटली ती फाइल आपल्या संगणकावरून उठून इंटरनेटवर गेल्यावर. २०१६ मध्ये गूगलनं शीट्समधला आलेख स्लाइड्समध्ये जोडून ठेवायची सोय दिली. मूळ तक्ता बदलला की आलेखाच्या कोपऱ्यात ‘अपडेट’चं बटण दिसतं, दाबलं तर आलेख बदलतो, नाही दाबलं तर तसाच राहतो. ओळखलंत? हाच तो कोमट दुवा. बदल झाला आहे, हवा असेल तेव्हा घ्या.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शेवटची पायरी आली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी स्लाइड्सची दारं उघडली गेली. आता स्लाइडवर एक चौकोन ठेवायचा, त्यात खुणेचा शब्द लिहायचा, आणि प्रोग्रॅमला सांगायचं : हा शब्द दिसेल तिथे अमुक तक्त्यातला अमुक आलेख लाव. जोडलेला लावायचा की नुसतं चित्र म्हणून, हेही सांगता येतं. आणि आलेख ताजा करायची आज्ञाही प्रोग्रॅमच देऊ शकतो, दर सोमवारी सकाळी आठ वाजता, कुणी जागं असो वा नसो. बटण आहे, पण ते दाबायला बोट लागत नाही.

आता हे सगळं वाईट आहे असा आमचा मुळीच दावा नाही. हातानं उतरवण्याचं काम माणूस चुकत चुकतच करतो. जेपी मॉर्गन या बँकेला २०१२ मध्ये लंडनच्या कचेरीतल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून जास्त फटका बसला. बँकेनं स्वतःच २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यात जोखीम मोजणाऱ्या पद्धतीबद्दल म्हटलं आहे की तिथे एका स्प्रेडशीटमधून दुसरीत आकडे हातानं कॉपी-पेस्ट केले जात होते. एवढ्या मोठ्या घरात! तेव्हा यंत्रानं उतरवावं, हे आम्हाला मान्य आहे.

पण दुसरी बाजू २०२० च्या इंग्लंडमध्ये दिसली. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून यायचे आणि आपोआप एक्सेलच्या फाइलींत भरले जायचे, तिथून देशाच्या रोजच्या आकड्यांत. फाइलचा प्रकार जुना होता; त्यात ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढच्या नोंदी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या मोजणीतून सुटले, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. त्या दिवसांतला आलेख ताजा होता, वेळेवर होता, देखणा होता. फक्त अपुरा होता. प्लेफेअरकडेही स्कॉटलंडचे आकडे अपुरे होते. पण ते त्याला माहीत होतं, कारण बिंदू मांडणारा हात त्याचाच होता. पेन्सिल घेऊन थबकणारा तो विद्यार्थी आठवा. ती जागा आता रिकामी होती.

आता थोडं आमच्या विषयात येतो. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला गोष्ट जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. सभेत आलेख दाखवणारा माणूस अशा आप्ताच्या जागी उभा असतो. हातानं आलेख काढला असेल तर निदान एकदा तरी त्याची नजर प्रत्येक आकड्यावरून गेलेली असते. जिवंत आलेखात तक्ता भरणारा सभेत नसतो आणि सभेत असणाऱ्यानं तक्ता पाहिलेला नसतो. ज्ञान एकाकडे, सांगणं दुसऱ्याकडे. मग त्या आलेखाचा आप्त कोण?

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. गॉटलोब फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञानं १९१८ मधल्या एका निबंधात ‘आज’ या शब्दाचा विचार केला आहे. समजा आज आम्ही म्हणालो, ‘आज पाऊस आहे.’ उद्या तेच शब्द उच्चारले तर ते विधान निराळं होतं. तीच गोष्ट उद्या सांगायची असेल तर शब्द बदलावा लागतो. म्हणावं लागतं, ‘काल पाऊस होता.’ भाषेत ही सोय आहे. जिवंत आलेखात ती नाही. त्याला फक्त ‘आज’ म्हणता येतं, ‘काल’ म्हणता येत नाही. डिसेंबरमध्ये उघडला तरी तो ‘आज’च म्हणतो. आणि आमचं इतिवृत्त, कुठलंही इतिवृत्त, ‘त्या दिवशी’ या भाषेत लिहिलेलं असतं. जूनच्या ‘त्या दिवशी’वर आम्ही सही केली आणि तिला पुरावा म्हणून ‘आज’ जोडला. चूक तिथे झाली.

आमच्या लहानपणी गावातल्या किराणा दुकानात लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या असत : रोजकीर्द आणि खतावणी. रोजचा व्यवहार कीर्दीत, मग तिथून एकेकाच्या नावावर खतावणीत. तेही एक प्रकारचं जोडणंच, फक्त हातानं. पण तिथला नियम असा की चुकलेली नोंद खोडायची नाही. उलट नोंद घालायची. त्यामुळे चूकही राहायची आणि दुरुस्तीही, दोन्ही तारखांसकट. स्प्रेडशीटच्या चौकटीत नवा आकडा टाकला की जुना नाहीसा होतो. गूगलसारख्या ठिकाणी जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात हे खरं, पण त्या शोधाव्या लागतात. स्लाइड आपणहून सांगत नाही.

तर करायचं काय? आम्ही चार साध्या सवयी सुचवतो. एक, आलेख तयार होईपर्यंत जिवंत असू द्या; सभेच्या दिवशी त्याचा दुवा तोडा, किंवा सगळ्या स्लाइडची पीडीएफ काढून इतिवृत्ताला जोडा. दोन, आलेखाखाली लिहा : आकडे कुठल्या तक्त्यातले, कुठल्या तारखेपर्यंतचे. तीन, ताजा करायची आज्ञा यंत्राला दिलीत तरी दाखवण्यापूर्वी मूळ तक्त्याची शेवटची ओळ एका माणसानं डोळ्यांनी बघावी. शेवटचीच, कारण गळती बहुधा तिथे असते. चार, ‘अपडेट करायचं का?’ हा प्रश्न आला की सवयीनं ‘हो’ म्हणू नका. बटण दाबणं म्हणजे ‘हे आकडे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत’ असं म्हणणं आहे. कोमट दुवा आम्हाला शहाणा वाटतो तो याचसाठी. तो बातमी देतो, पण आपल्या तोंडून बोलत नाही.

शेवटी त्या सातव्या स्लाइडबद्दल. डिसेंबरच्या सभेत आम्ही सांगितलं की जूनमध्ये रेषा उतरत होती. अध्यक्ष सज्जन होते. म्हणाले, सर, तुमच्यावर विश्वास आहे, पण कागद कुठे आहे? कागद नव्हता. आमची आठवण होती आणि आमची सही होती. शिफारस मागे घ्यावी असं आम्ही त्याच सभेत लेखी दिलं. पुढच्या वर्षी विषय पुन्हा सुरू झाला, पण तोवर तो शिक्षक दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेला होता. आम्ही त्याला पत्र लिहिलं. त्या पत्रावर तारीख घालायला विसरलो नाही.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, म्हणून इथेच थांबतो.